संशोधनाचा प्रश्न आणि सटीप संदर्भसूची : महाडच्या निमित्ताने

गेल्या दिवाळीच्या सुटीत आपल्या शाळेची एक माजी विद्यार्थिनी वडिलांसह माझ्याकडे आली. मुंबईतील एका महाविद्यालयात ती इतिहास विषय घेऊन पदवीच्या शेवटच्या वर्षात शिकते. घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढलेली ती पहिलीच. या वर्षी तिला एक संशोधन प्रकल्प सादर करावयाचा होता. तिच्या हातात एक फाईल होती. मुखपृष्ठावर बाबासाहेबांचे छायाचित्र आणि खाली सुवाच्य अक्षरांत विषय : ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि महाडचा सत्याग्रह’. आत बावीस पाने लिहून तयार होती. पहिल्याच पानावर मार्गदर्शक प्राध्यापिकेने लाल शाईने दोन शेरे मारले होते. पहिला : ‘यात प्रश्न कोणता?’ दुसरा : ‘सटीप संदर्भसूची जोडावी.’

दोन्ही शेऱ्यांचा अर्थ तिला लागला नव्हता, आणि वडिलांना तर त्यात वेगळाच वास आला होता. ते म्हणाले, “सर, बाबासाहेबांवर लिहिलंय पोरीनं. त्यात प्रश्न कसला काढायचा? मॅडमला आपला विषयच पसंत नसेल.”

त्यांच्या मनातील शंका मला नवी नव्हती. मी स्वतः ती अनेक वर्षे बाळगली होती. एम.ए. करीत असताना मी ‘डॉ. आंबेडकरांचे शैक्षणिक कार्य’ या विषयावर ऐंशी पानांचा प्रबंध लिहिला होता. तोंडी परीक्षेस आलेल्या परीक्षकांनी तो चाळला आणि म्हणाले, “हा प्रबंध नाही, अभिवादन आहे.” याउपर त्यांनी मला काही विचारले नाही. वसतिगृहावर परत आल्यावर मी आणि माझ्या मित्रांनी त्या एका वाक्याचा जो अर्थ लावायचा तो लावला. त्या वाक्यातील तुच्छतेचा सूर मी आजही विसरलेलो नाही. तो तेथे होताच. परंतु पुढे दहा-बारा वर्षांनी, स्वतः मुलांना शिकविताना, तो प्रबंध मी पुन्हा काढून वाचला तेव्हा सूर चुकीचा असला तरी शेरा खरा होता हे मला मान्य करावे लागले. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय निघाले, १९५० साली औरंगाबादला महाविद्यालय सुरू झाले, हे सारे मी भक्तिभावाने नोंदविले होते. पण औरंगाबादच्या त्या महाविद्यालयात पहिल्या वर्षी आलेली मुले कोणत्या गावांतून आली, त्यांच्या जेवणाखाण्याची सोय कशी लागली, त्यांपैकी किती शेवटपर्यंत टिकली, यांपैकी एकही गोष्ट मी विचारली नव्हती. सर्वांस ठाऊक असलेले मी सर्वांना पुन्हा सांगितले होते.

म्हणून प्रथम त्या गृहस्थांना सांगितले, “दादा, मॅडमनी विषय नाकारलेला नाही. विषयाच्या आत शिरायला सांगितलं आहे.” आणि मग आम्ही तिघे शाळेच्या ग्रंथालयातील लांब टेबलाशी बसलो. त्या दोन दिवसांत जे घडले ते येथे लिहून ठेवतो आहे. आपल्या शाळेतून बाहेर पडलेली अनेक मुले-मुली आज महाविद्यालयांत याच वळणावर उभी आहेत, आणि घरी विचारावे असे माणूस बहुतेकांना नाही.

विषय आणि प्रश्न यांतील भेद समजून घेण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. बाबासाहेबांच्या दोन ग्रंथांची नावेच पाहावीत. १९४६ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाचे नाव ‘शूद्र पूर्वी कोण होते?’ आणि ते भारतीय आर्यांच्या समाजात चौथा वर्ण कसे बनले, हा त्याच नावाचा पुढचा भाग. १९४८ च्या ग्रंथाचे नाव तसेच : अस्पृश्य मूळचे कोण, आणि ते अस्पृश्य का झाले? ‘शूद्रांचा इतिहास’ किंवा ‘अस्पृश्यता : एक अभ्यास’ अशी नावे त्यांना सुचली नसती असे नाही. त्यांनी मुखपृष्ठावर प्रश्न छापला. वाचकाने ग्रंथ मिटताना त्या प्रश्नाचे उत्तर मिळाले की नाही एवढेच तपासावे, अशी जणू स्वतःवर अट घालून घेतली. ‘अस्पृश्य मूळचे कोण’ याच्या प्रस्तावनेत तर, पुराव्याचे दुवे निखळलेले असतील तेथे इतिहासकाराने काय करावे, याचीही त्यांनी चर्चा केली आहे. आपल्या घराघरांत या ग्रंथांना हार घातलेला असतो. महाविद्यालयात जाणाऱ्या मुलाने निदान या दोन प्रस्तावना तरी हार बाजूला सारून वाचाव्यात.

आता महाडकडे येतो. मी त्या मुलीला फाईल मिटायला सांगितली आणि म्हटले, “तुला तारखा पाठ आहेत ना? कोऱ्या कागदावर उतरव.” तिने भराभर लिहिल्या. ४ ऑगस्ट १९२३ : मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत, सार्वजनिक पैशातून बांधलेली अथवा चालविलेली पाणवठ्याची ठिकाणे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, न्यायालये, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले. जानेवारी १९२४ : त्या ठरावाला अनुसरून महाड नगरपालिकेने चवदार तळे अस्पृश्यांना खुले केल्याचा ठराव. १९ व २० मार्च १९२७ : महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद आणि दुसऱ्या दिवशी तळ्यावर जाऊन पाणी घेणे, त्यानंतर वीरेश्वर मंदिरात शिरणार अशी अफवा उठवून परिषदेच्या लोकांवर झालेले हल्ले. २५ डिसेंबर १९२७ : मनुस्मृतीचे दहन. १७ मार्च १९३७ : मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल.

“आता या तारखांच्या मधल्या जागा बघ,” मी म्हटले. “सत्याग्रहाच्या आधीची सर्वांत मोठी मोकळी जागा कोठे आहे?”

तिने बोट ठेवले ते १९२४ आणि १९२७ यांच्या मध्ये. तीन वर्षे दोन महिने. नगरपालिकेने तळे खुले केले, आणि तीन वर्षे दोन महिन्यांनी तेच खुले तळे खुले करण्यासाठी हजारो माणसांना चालत जावे लागले. या अवधीविषयी तिच्या बावीस पानांत काय होते? एक वाक्य : ‘परंतु हा ठराव कागदावरच राहिला.’

“हे वाक्य कुठून घेतलंस?”

“सगळीकडे असंच आहे, सर.”

तिचे म्हणणे खोटे नव्हते. भाषणांत, जयंतीच्या पत्रकांत, शालेय निबंधांत, मोठमोठ्या लेखांतही हे वाक्य याच शब्दांत भेटते. माझ्या स्वतःच्या जुन्या टाचणवह्यांतही ते आहे. जे वाक्य सर्वजण लिहितात आणि ज्याच्यापुढे कोणीच क्षणभर थांबत नाही, त्याच्या खाली बहुधा न विचारलेला प्रश्न पुरलेला असतो. ठराव कागदावर राहिला म्हणजे नेमके काय झाले? कोणी पाणी आणायला गेलेच नाही? की गेले आणि हाकलून दिले? नगरपालिकेने फलक लावला, दवंडी पिटली, की कार्यवृत्तात नोंद करून वही मिटली? सरकारने विचारणा केली की नाही? याच बोल्यांनी ऑगस्ट १९२६ मध्ये दुसरा ठराव मांडला : जी स्थानिक मंडळे पहिला ठराव पाळत नाहीत त्यांचे सरकारी अनुदान रोखावे. म्हणजे कायदेमंडळातही कोणाला तरी हा कागद टोचत होता.

मुलीच्या चेहऱ्यावर प्रथमच थोडी हालचाल दिसली. तरीही प्रश्न एकदम हाती आला नाही. तिने आधी तीन प्रश्न लिहिले आणि तिन्ही आम्ही खोडले. ‘महाडच्या सत्याग्रहाचे महत्त्व काय?’ या प्रश्नाचे उत्तर तिला लिहिण्यापूर्वीच ठाऊक होते. ज्याचे उत्तर आधीच ठाऊक आहे तो शोधाचा प्रश्न होत नाही, ते भाषणाचे शीर्षक होते. ‘स्पृश्यांनी तळ्याला विरोध का केला?’ हा प्रश्न खरा आहे, पण त्याच्या पोटात जातिव्यवस्थेचा सारा इतिहास येतो. चाळीस पानांत आणि पाच महिन्यांत तो मावणार नाही. ‘ठराव अमलात आला की नाही?’ याचे उत्तर एका शब्दात संपते. मग दुपारच्या चहानंतर तिने चौथे वाक्य लिहिले : ‘जानेवारी १९२४ ते मार्च १९२७ या काळात महाड नगरपालिकेचा चवदार तळ्याविषयीचा ठराव अमलात यावा म्हणून कोणी, कोणते प्रयत्न केले आणि ते कोठे अडले?’

हे वाक्य मी शाळेच्या फळ्यावर लिहून ठेवले. त्यात एक गाव आहे, एक तळे आहे, आरंभ आणि शेवट असलेला काळ आहे. ‘कोणी’ या शब्दामुळे माणसांची नावे शोधावी लागतात. ‘कोठे अडले’ या शब्दांमुळे नगरपालिका, गावकरी, सरकार आणि स्वतः आपले लोक, या सर्वांकडे पाहावे लागते. आणि उत्तर काय निघेल हे तिला, मला किंवा तिच्या प्राध्यापिकेला त्या क्षणी माहीत नव्हते.

येथेच तिने एक गोष्ट विचारली, जी मला माझ्या एम.ए.च्या काळात विचारण्याचे धैर्य झाले नसते. ती म्हणाली, “सर, आपल्याच लोकांनी काही केलं नाही, भ्याले, असं निघालं तर? ते लिहायचं?”

वडील माझ्याकडे पाहू लागले. मी काही क्षण थांबलो, कारण हा प्रश्न परीक्षेच्या गुणांचा नव्हता. आपला इतिहास इतरांनी इतकी वर्षे एकतर लिहिला नाही किंवा हिणवून लिहिला, म्हणून आपण तो लिहिताना त्याला कोठेही डाग दिसू नये असे आपल्याला वाटते. ही भावना मी समजू शकतो. तरीही मी तिला सांगितले की लिहावे लागेल. आणि त्याबरोबर हेही लिहावे लागेल की त्या भीतीमागे काय होते. गावकीची कामे, बलुते, राहण्याची जागा, कर्ज हे सारे ज्यांच्या हातात, त्यांच्याच घरांच्या वेढ्यातील तळ्यावर भांडे घेऊन एकट्या माणसाने जायचे, याचा अर्थ काय होता? मार्च १९२७ मध्ये हजारोंनी जाऊनही मार खावा लागला. मग १९२५ साली दोघा-चौघांनी जाऊन काय झाले असते? भीती सापडली तर तिची किंमत पुराव्यानिशी मांडणे हे आपल्या माणसांना कमीपणा आणणे नव्हे. तीन वर्षांची भीती नीट मांडली तरच वीस मार्चच्या त्या ओंजळीचे मोल कळते. अर्थात, उलटही निघू शकेल; कोणी नाव नसलेला मनुष्य १९२४ सालीच तळ्यावर जाऊन आला असेल. ते पुराव्याने ठरेल. आपल्या इच्छेने ठरवायचे नाही.

दुसरा शेरा सटीप संदर्भसूचीचा. संदर्भसूची म्हणजे पुस्तकाच्या शेवटी दिलेली नावांची यादी, हे बहुतेकांस ठाऊक असते. सटीप सूचीत प्रत्येक नावाखाली पाच-सात ओळींची टीप असते. विद्यार्थी तिला पुस्तकाचा सारांश समजतात आणि मलपृष्ठावरील मजकूर उतरवून देतात. सारांशात पुस्तक काय सांगते ते येते. टिपेत ते पुस्तक माझ्या प्रश्नाला काय सांगते, कोणाच्या आधारावर सांगते आणि कोठे गप्प बसते, ते यावे लागते.

या कामाचा आदर्शही आपल्याकडे आहे, फक्त आपण त्याकडे त्या दृष्टीने पाहिलेले नाही. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या परिसंवादात बाबासाहेबांनी ‘भारतातील जाती’ हा निबंध वाचला. तेव्हा ते पंचवीस वर्षांचे विद्यार्थी होते. निबंधाच्या आरंभीच त्यांनी जातीच्या चार प्रसिद्ध व्याख्या घेतल्या : सेनार, नेसफील्ड, रिस्ले आणि आपले ज्ञानकोशकार केतकर यांच्या. पुढे प्रत्येकाशी ते कसे वागले ते पाहण्यासारखे आहे. सेनारने विटाळाच्या कल्पनेला जातीचे लक्षण मानले. बाबासाहेब म्हणतात, ही कल्पना पुरोहिती कर्मकांडातून आली आहे, जातीचा तो गाभा नाही. नेसफील्डने जातीबाहेर न जेवण्यावर भर दिला. त्यांच्या मते हे परिणामाला कारण समजणे झाले. रिस्लेच्या व्याख्येत नवे काही नाही, म्हणून त्यावर ते वेळ घालवीत नाहीत. केतकरांची व्याख्या त्यांना सर्वांत जवळची वाटते, तसे ते मोकळेपणाने सांगतात. आणि लगेच तिच्यातील चूकही दाखवितात. जन्मानेच मिळणारे सभासदत्व आणि जातीबाहेर विवाहास बंदी अशी दोन लक्षणे केतकरांनी दिली होती. ती दोन नसून एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. एवढे करून झाल्यावर त्यांचे स्वतःचे उत्तर पुढे येते : जातीअंतर्गत विवाह हेच जातीचे मर्म. हे उत्तर आकाशातून पडलेले नाही. चौघांना वाचून, प्रत्येकाचे देणे मान्य करून, प्रत्येकाची उणीव नेमकी दाखवून जी जागा रिकामी उरली त्या जागेत ते उभे आहे. रिस्ले हा त्या काळचा बडा सरकारी अधिकारी आणि केतकर हे वयाने वडील, परदेशी शिकून आलेले विद्वान. दोघांनाही एकच माप लावले गेले.

तिला हे सांगून मी म्हटले, “आता तुझ्या टेबलावर कोण कोण येऊन बसणार ते ठरव.” संध्याकाळपर्यंत आमच्या ग्रंथालयातील कपाट निम्मे रिकामे झाले.

सर्वांत आधी तिने ‘बहिष्कृत भारत’ उचलले. महाराष्ट्र शासनाने १९९० साली ‘मूकनायक’ आणि ‘बहिष्कृत भारत’ यांचे अंक एका मोठ्या ग्रंथात पुनर्मुद्रित केले, तो ग्रंथ आपल्या शाळेत आहे. तिने टीप लिहिली : ‘चळवळीचे स्वतःचे पाक्षिक. संपादक स्वतः बाबासाहेब. महाडविषयी अत्यंत विश्वसनीय.’ मी विचारले, पहिला अंक कधीचा? तिने पाहिले : ३ एप्रिल १९२७. म्हणजे परिषदेनंतर दोन आठवड्यांनी. मग ‘मूकनायक’? तो ३१ जानेवारी १९२० रोजी निघाला आणि १९२३ मध्ये बंद पडला. मुलगी कागदाकडे पाहत राहिली. तिच्या प्रश्नाची तीन वर्षे नेमकी या दोन पत्रांच्या मधल्या खिंडीत पडली होती. ज्या काळाविषयी ती विचारीत होती, त्या काळात बाबासाहेबांचे स्वतःचे वृत्तपत्रच नव्हते. हा ठराव ‘कागदावर राहिला’ एवढेच सर्वजण का लिहितात, याचे एक कारण तिला त्या क्षणी सापडले असावे. निदान शोधण्याजोगी एक वाट तरी सापडली. तिने टीप खोडून पुन्हा लिहिली : ‘पहिला अंक परिषदेनंतरचा आहे. १९२४ ते १९२७ या काळाविषयी यात जे येते ते मागे वळून सांगितलेले आहे, त्या त्या दिवशी नोंदविलेले नाही. परिषदेनंतरच्या घटनांसाठी प्रथम दर्जाचे साधन; माझ्या प्रश्नासाठी मात्र सावधपणे वापरावे. मी १९९० चे पुनर्मुद्रण वापरले आहे, मूळ अंक पाहिलेले नाहीत.’

शेवटचे वाक्य मी तिच्याकडून आग्रहाने लिहून घेतले. जे हातात धरले तेच लिहायचे. मूळ अंक न पाहता ‘बहिष्कृत भारत, १९२७’ असे ठोकून देणारे विद्वान मी पुष्कळ पाहिले आहेत.

धनंजय कीर यांचे इंग्रजी चरित्र १९५४ साली, बाबासाहेबांच्या हयातीत प्रसिद्ध झाले. चांगदेव भवानराव खैरमोडे यांच्या बहुखंडी मराठी चरित्राचा पहिला खंड १९५२ चा. दोन्ही चरित्रे आपल्याला वंदनीय आहेत. पण चरित्रकाराची नजर नायकावर असते. नायक महाडात येतो तेव्हा महाड उजळते आणि तो मुंबईस परतला की अंधार होतो. म्हणून कीरांच्या टिपेत तिने लिहिले की घटनांचा क्रम पक्का करण्यासाठी हे चरित्र उपयोगी आहे, मधल्या काळातील स्थानिक घडामोडींसाठी अपुरे आहे. खैरमोडे बाबासाहेबांच्या सहवासातील. त्यांच्याकडे पत्रे, आठवणी, कागद यांचा साठा अधिक. तेथे टीप निराळी झाली : ‘कोणती माहिती लेखकाने स्वतः पाहिली, कोणती ऐकली, हे प्रत्येक ठिकाणी वेगळे करून घ्यावे.’

आर. बी. मोरे यांच्यापाशी आम्ही सर्वांत जास्त वेळ थांबलो. परिषद महाडला भरावी म्हणून ज्यांनी आधीपासून खटपट केली त्या स्थानिक तरुणांमध्ये मोरे अग्रभागी होते. पुढे ते कम्युनिस्ट पक्षात गेले. त्यांच्या आठवणी त्यांच्या पश्चात पुत्राने पुस्तकरूपाने प्रसिद्ध केल्या, आणि २०१९ साली त्यांचा इंग्रजी अनुवादही निघाला. आपल्याकडे काही जण त्यांचे नाव घेताना अडखळतात. पुढे वेगळ्या झेंड्याखाली गेले म्हणून. मला हे कधीच पटलेले नाही. ज्या तीन वर्षांविषयी मुलगी विचारीत होती, त्या वर्षांत त्या मुलखात राबणारा माणूस बोलतो आहे आणि आपण त्याचा पुढचा पक्ष पाहून कान मिटायचे? तथापि टीप लिहिताना दुसरी बाजूही सुटता कामा नये. आठवणी अनेक वर्षांनंतर लिहिल्या गेल्या. मधल्या आयुष्याचा रंग त्यांवर चढणे स्वाभाविक आहे. तारखा दुसरीकडे पडताळाव्यात. तिने ही सर्व वाक्ये स्वतःच लिहिली, मला एक शब्दही सुचवावा लागला नाही. तिच्याच सूचीत आनंद तेलतुंबडे यांचे महाडवरील २०१६ चे इंग्रजी पुस्तक आले. तेथे पूर्वपीठिका विस्ताराने आहे, म्हणून ते शेवटी वाचावे असे मी सुचविले. आधी वाचले तर त्यांचेच प्रश्न आपले वाटू लागतात.

मग विरोधकांची साधने. हे ऐकून वडील जरा चमकले. पण चवदार तळ्याचा दावा स्पृश्यांनी बाबासाहेब व सहकाऱ्यांवर लावला होता, आणि तळ्यावर अस्पृश्यांना मज्जाव करण्याची रूढी पुरातन आहे असे त्यांचे म्हणणे होते. ती अनादी काळापासूनची आहे हे सिद्ध झाले नाही, असे उच्च न्यायालयाने १९३७ मध्ये ठरविले. या खटल्याचा निकाल तिच्या प्रश्नासाठी सोन्याची खाण ठरू शकतो, कारण तळे पूर्वी कोण वापरीत होते हाच तेथे वादाचा मुद्दा होता. टीप : ‘न्यायालयातील पुरावा दावा जिंकण्यासाठी दिलेला असतो, दोन्ही बाजूंचे म्हणणे त्या हेतूसह वाचावे.’ कायदेमंडळातील चर्चेचे छापील वृत्तान्त, मुंबईच्या पुराभिलेखागारातील सरकारी पत्रव्यवहार, १८८३ चे कुलाबा जिल्ह्याचे गॅझेटियर यांवरही तिने थोडक्यात लिहिले. गॅझेटियर घटनेच्या चार दशके आधीचे. ठरावाविषयी त्यातून काही मिळणार नाही, पण सावित्रीकाठचे हे गाव कसे होते, व्यापार कोणाच्या हातात होता हे समजते. नगरपालिकेचे मूळ कार्यवृत्त पाहावयास मिळालेले नव्हते. त्याचीही नोंद सूचीत केली, ‘अद्याप पाहिलेले नाही’ या शब्दांसह.

दोन गोष्टी घाईने सांगून टाकतो. तिच्या पहिल्या यादीत मोबाइलवरून घेतलेली सतरा नावे होती. प्रश्न टाकला की यंत्र क्षणात यादी करून देते, लेखक, वर्ष, प्रकाशक सगळे देते. त्यांतील दोन पुस्तके कोणत्याही ग्रंथालयाच्या सूचीत सापडेनात. ती कोणी लिहिलेलीच नसावीत. तेव्हा हातात न घेतलेले पुस्तक यादीत नको, हा नियम आता पूर्वीपेक्षाही कडक पाळावा लागेल. दुसरे असे की विद्यापीठांतील प्रबंध ‘शोधगंगा’वर विनामूल्य वाचावयास मिळतात, आणि शासनाने प्रकाशित केलेले बाबासाहेबांचे खंडही संगणकावर उपलब्ध आहेत. आमच्या वेळी एका खंडासाठी रांग लावून पंधरा दिवस थांबावे लागे. पैशाअभावी साधने मिळत नाहीत ही सबब आता पूर्वीइतकी खरी राहिलेली नाही. वेळ आणि चिकाटी यांची सबब आहे, ती मी ऐकून घेतो.

दुसऱ्या दिवशी निघताना सूचीत अकरा नोंदी झाल्या होत्या आणि प्रश्नात काही शब्दांची भर पडली होती. ‘कोणी, कोणते प्रयत्न केले’ यानंतर तिने ‘आणि त्यांची नोंद कोणी ठेवली’ असे जोडले होते. दोन पत्रांमधील ती खिंड तिला सोडीत नव्हती.

वडील इतका वेळ गप्प होते. चपला घालता घालता म्हणाले, “सर, हिची पणजी पोलादपूरकडची. माझी आजी. ती सांगायची, तिचा भाऊ महाडला गेला होता आणि डोकं फुटून आला. पण ते कधीचं, मार्चचं की डिसेंबरचं, आम्ही कधी विचारलं नाही.” मुलीने वही पुन्हा उघडली. तोंडी ऐकलेल्या गोष्टीचीही टीप होते, हे तिला सांगितले : सांगणारा कोण, वय काय, त्याने ते स्वतः पाहिले की कोणाकडून ऐकले, कोणत्या दिवशी सांगितले, आणि त्याचे शब्द शक्यतो त्याच्याच बोलीत. तिने उंबऱ्यातच उभ्याने लिहिले : ‘माझे वडील, वय बावन्न, त्यांच्या आजीकडून लहानपणी ऐकलेले, वर्ष अनिश्चित.’ ती बारावी नोंद.

येत्या मे महिन्यात ती महाड, पोलादपूर आणि माणगाव तालुक्यांतील काही गावांत जाणार आहे. या स्मरणिकेच्या वाचकांपैकी कोणाच्या घरी त्या काळातील पत्र, वर्गणीची पावती, सभेचे पत्रक, जलशाची वही किंवा पंचमंडळाची बाडे असतील, अथवा १९२७ च्या आधी तळ्यावर कोणी गेल्याची घरात सांगितली जाणारी हकिगत असेल, तर त्यांनी शाळेच्या कार्यालयात निरोप ठेवावा. कागद जागेवरून हलवावे लागणार नाहीत. ती तेथेच बसून उतरवून घेईल, आणि कोणाकडून मिळाले ते नाव टिपेत लिहील.